टेकडीवर बाबांचा घाम वाळेना

मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

बाबा रोज सकाळी टेकडी चढतात. आज मीही सोबत गेले. निघताना मोबाईलवर तापमान बघून मीच म्हणाले, "सत्तावीसच आहे, चला."

अर्ध्या वाटेत बाबा दगडावर बसले. चेहरा पांढराफटक, शर्ट पिळावा इतका ओला. मी पुसतेय, पण घाम वाळतच नाही. आणि बाबा म्हणतात, "पुण्याची हवा आहे ही, मुंबईची नाही. काही होत नाही."

कसंबसं खाली उतरवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून, सलाईन लावून घरी सोडलं. मग मी मोबाईलवर हवामानाचं पान खाली सरकवून सकाळचा दवबिंदू बघितला. चोवीस! म्हणजे हवा जेमतेम तीन अंशांनी गार झाली तरी दव पडेल, इतकी वाफ तिच्यात आधीच भरलेली. त्यात घाम वाळणार कसा आणि अंग गार होणार कसं?

बाबांना आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट वाचला आणि म्हणाले, "हा मुंबईचा असेल."

आता झोपलेत. बूट मात्र उद्यासाठी दाराशी काढून ठेवलेत.

मी ते लपवू का हो?