चौदाव्या मजल्यावरचा तिठा

शारजात राहायला आल्यावर चौथ्याच महिन्यात मी एक गाढवपणा केला. समोरच्या फ्लॅटमधल्या आठ महिन्यांच्या बाळाची, त्याच्या आईला न विचारता, दृष्ट काढली. आणि ती मीठ-मोहरी नेऊन लिफ्टपाशी टाकली. माझी नात हे ऐकून विचारते, "आजी, सो यू वेअर लाइक अ विच?" तिला हसायला येतं. तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता, तोही एसीत.

मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल येऊन बसायला हवी होती. पण पुण्यात बँकेत तीस वर्षं काउंटरवर बसलेल्या बाईला वाटतं, आपल्याला जगातलं सगळं कळतं. हे गेल्यावर मुलानं मला इकडे आणलं. त्याचं ऑफिस दुबईला. ट्रॅफिकच्या भीतीनं तो सकाळी सहालाच पळायचा. मग दिवसभर घरात मी आणि एसीची घरघर.

समोर जॉर्डनची एक तरुण शिक्षिका राहायची. नवरा नोकरीला अबूधाबीत; तेव्हा इकडे सुटी शुक्रवार-शनिवारी, म्हणून गुरुवारी घरी यायचा. ती दुपारी शाळेतून आली की खाली बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, जाताना बाळाला माझ्याकडे सोडायची. मला 'खालती' म्हणायची. खालती म्हणजे मावशी, एवढं अरबी मला आलं होतं. ते बाळ माझ्या मांडीवर येईपर्यंतचा दिवस मी कसाबसा ढकलायचे, हे मुलाला मी कधी सांगितलं नाही.

एकदा लिफ्टमध्ये त्याला कडेवर घेऊन मी सगळ्यांदेखत म्हणाले, "व्हॉट अ फॅट, फेअर बेबी!" शेजारी बुरख्यातल्या एक आजीबाई होत्या. त्या माझ्याकडे बघून जरा जोरातच म्हणाल्या, "माशाल्ला! माशाल्ला!" मला वाटलं, बाईंना पटलं. म्हणून मी आणखी उत्साहानं त्याच्या गालांचं वर्णन केलं. त्यांनी डोळे मोठे केले. मी हसले. कौतुक करताना ते 'माशाल्ला' आपणच म्हणायचं असतं, नाहीतर बाळाला नजर लागते, हे मला संध्याकाळी मुलानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाळ किरकिरं. दूध घेईना, अंग कोमट. त्याची आई औषध आणायला फार्मसीत गेली आणि जाताना त्याला माझ्याकडे देऊन गेली. मी मनाशी हिशोब मांडला: नजर लावणारी मी, तर काढणारीही मीच. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि तीनदा ओवाळल्या. तोंडानं "आल्यागेल्याची, शेजारणीपाजारणीची दृष्ट जळो" चालूच. शेजारीण मीच होते, हे मधेच लक्षात आलं. पण थांबले नाही.

आता ते जाळायचं कुठे? मिरच्या गॅसवर टाकल्या असत्या तर छतावरचा स्मोक अलार्म वाजला असता. मागे एकदा नुसत्या फोडणीनं तो कोकलला होता आणि चौदा मजल्यांवरची माणसं खाली उतरली होती. मग दुसरा उपाय, तिठ्यावर टाकणं. आमच्या मजल्यावर तीन पॅसेज लिफ्टपाशी एकत्र येतात. वा, तिठाच की! त्याची आई घरी यायच्या आत मी बाळाला कडेवर घेऊन गेले, प्लास्टिकच्या झाडामागे पुडी ठेवली आणि मागे वळून न बघता परत आले. मागे वळून बघायचं नसतं. वर मात्र बघायला हवं होतं. वर कॅमेरा होता.

शुक्रवारी सकाळी, मुलगा घरी असताना, बिल्डिंगचा मॅनेजर आला. हैदराबादचा माणूस, अगदी अदबीचा. त्यानं मोबाइल पुढे केला. "आंटीजी, ये आप हैं ना?"

स्क्रीनवर गाउन घातलेली, केस मोकळे सोडलेली एक बाई कडेवर मूल घेऊन चोरपावलांनी चालली होती. ती मीच. मलाच तिची भीती वाटली.

"नजर उतारी है," मी म्हणाले, "लगाई नहीं!"

"मेरे को मत समझाइए. सफाईवाला डर गया है, बोलता है सिहर है. जादू. इधर वो क्राइम है, आंटीजी. बच्चे की माँ ने कंप्लेंट बोला, तो फिर मेरे हाथ में कुछ नहीं."

मुलगा कपाळावर हात मारून म्हणाला, "आई, तुझा व्हिसा माझ्या व्हिसावर आहे. माझा कंपनीच्या. पोलीस केस झाली की यल्ला, चल पुण्याला!"

"अरे, पण जादूटोण्याचा कायदा महाराष्ट्रातही आहे. तिकडे दृष्ट काढली म्हणून कुणाला धरलंय?"

"तिकडे तू आपल्या घरातल्या पोरांची काढत होतीस."

मला कळेना. ज्या देशात लिफ्टमधली अनोळखी बाई नजरेला घाबरते, तिथे नजर काढणारी गुन्हेगार कशी? पण खरं सांगते, व्हिसाचं भय नंतर वाटलं. आधी वाटलं, ते समोरचं दार आता उघडणार नाही.

मी एकटीच गेले. दार उघडलं, पण अर्धंच. नवरा झोपला होता. बाळ तिच्या खांद्यावर होतं, ताप उतरलेलं. मॅनेजर तिच्याकडे आधीच येऊन गेला होता. मी बँकेतल्या इंग्रजीत सगळं सांगितलं, मिरच्यांच्या संख्येसकट. मागे पाळण्यावर, नजर लागू नये म्हणून लावतात तो निळा काचेचा डोळा टांगलेला दिसला. मला एकदम जोर आला.

"हे बघ! तूही मानतेसच की!"

"तो मी लावलाय, खालती," ती म्हणाली. "मी त्याची आई आहे. तुम्ही माझ्या पाठीमागे केलंत. ते चांगलं होतं की वाईट, मला कसं कळणार?"

मी "सॉरी" म्हणाले. मग काय करावं ते न सुचून "माशाल्ला" म्हणाले, तेही उशिरा आणि चुकीच्या जागी. तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसू तिनं आवरलं.

तिनं तिथल्या तिथे मॅनेजरला फोन लावला. अरबी-इंग्रजीत भराभर बोलली. त्यातलं "नो कंप्लेंट" आणि "खलास" एवढंच मला समजलं. फोन ठेवून बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "रविवारी शाळेत माझी मीटिंग आहे. हा दोन तास तुमच्याकडे राहील. दूध द्या, झोपवा, गाणी म्हणा. त्याशिवाय काहीही करावंसं वाटलं, तर आधी मला फोन करा."