लिफ्टच्या दाराशी

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नंबर लागायचा होता, म्हणून मी दवाखान्यात लिफ्टसमोर बसून होतो. दाराशी एक काकू उभ्या होत्या आणि त्यांची लिफ्टची भीती घालवायला आलेली तरुण मानसोपचारतज्ज्ञ. दार उघडत होतं, मिटत होतं. काकू काही आत पाऊल टाकत नव्हत्या.

“या हो, काही होत नाही,” लिफ्टमन म्हणाला. या वाक्याची मला चीड आहे. म्हणणाऱ्याला काहीच होत नसतं!

ती मुलगी मात्र तसं म्हणाली नाही.

“छातीत धडधडतंय गं,” काकू म्हणाल्या.

“धडधडू द्या. पळून न जाता थांबलं, की हळूहळू ओसरतं.”

“कशावरून?”

“पुष्कळ लोकांबरोबर तपासून पाहिलंय, काकू. आता तुम्ही तपासा.”

मी बघतच राहिलो. कुठल्या कुठल्या गावांतली भेदरलेली माणसं अशीच दाराशी थांबली असतील, कुणीतरी ते नीट टिपून ठेवलं असेल, आणि त्यांचा तो धीर आज या काकूंच्या कामी येत होता. त्यांना एकमेकांची नावंही ठाऊक नाहीत.

दार पुन्हा उघडलं. काकू आत शिरल्या. मुलगीही मागोमाग निघाली, तसा त्यांनी हात आडवा केला.

“तू जिन्याने ये.”