लाल रेघांचा कागद
हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. परवा चिकलठाण्यात एका घरी वेलदोड्याच्या कॉफीचा वास आला आणि तशीच कॉफी करणारा आमच्या वरच्या मजल्यावरचा जुना भाडेकरू आठवला. तो गाझाचा, इथं पीएचडीला आलेला, सोबत बायको आणि दोन लेकरं. तिकडं बॉम्ब पडायला लागल्यापासून तो रोज सकाळी गच्चीवर फोन लावून कागदावरची नावं एकेक करून वाचायचा, आणि मधूनच एखाद्या नावावर लाल रेघ मारायचा. मला ते लई खटकायचं. बायको म्हणायची, "लेकराबाळांचा माणूस हाय, कशाला संशय घेता?" तरी एकदा कचऱ्यात त्याचा तसला जुना कागद सापडला, तो मी गुपचूप पोलीस चौकीत नेऊन दिला. त्यांनी त्याला दिवसभर बसवून ठेवलं, मोबाईलही सुटेपर्यंत काढून घेतला. संध्याकाळी जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "भाईसाब, किसी ने मेरा कागज चौकी में दे दिया. वो तो मेरे घरवालों के नाम थे. रोज पूछता हूँ, कौन जिंदा है. आज अम्मी के चार फोन आए, मैं उठा नहीं सका. अब उधर कोई उठाता नहीं." मी म्हणालो, "लोगां बहुत खराब हैं, भाई." त्यानं माझाच हात धरला आणि रडला. आता तो मलेशियात असतो, ईदला न चुकता मेसेज करतो. तो कागद चौकीत मीच दिला होता, हे त्याला सांगायचं माझ्याकडून अजून राहिलंय.