मेरेपेकाची अर्धी साद

वाईपुइयात दिवस उजाडतो तो पांढरा. जमिनीच्या भेगाभेगांतून वर आलेली वाफ थंड हवेत घरांच्या मध्ये साठून राहते, आणि सूर्य डोंगरावर आला तरी गावाला बराच वेळ त्याचा पत्ता नसतो. अशा वेळी शेजारच्या घराचं नुसतं छप्पर दिसतं, कधी दोरीवरची एखादी चादर दिसते, आणि माणूस दिसायच्या आधी त्याचं खोकणं ऐकू येतं. मेरेपेका साठ वर्षं याच वाफेतून चालत आली होती. कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही, ते तिच्या तळव्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशीही तिने घराच्या मागच्या लाकडी पेटीत दुपारच्या जेवणाचं भांडं ठेवलं. मटण, रताळी, कोबी. वर ओलं पोतं टाकलं. पेटीखालची जमीन ते सगळं आपल्या सवडीने शिजवणार होती. मग केस बांधून, काळा झगा घालून ती कामावर निघाली. काम म्हणजे गाव दाखवणं. तिची आजी ते करायची, मावशी करायची, आणि गेली एकतीस वर्षं मेरेपेका करत होती.

वाटेत थोरल्या बहिणीचं घर. हुरिया ओट्यावर बसली होती, गुडघ्यांवर गोधडी घेऊन.

"निघालीस?" हुरियाने विचारलं. हिवाळ्यातल्या आजारपणापासून तिचा आवाज फुटक्या भांड्यासारखा झाला होता.

"निघाले, ताई. चहा घेतलास?"

"घेतला. आज किती वेळा ओरडणार आहेस?"

"तीन वेळा."

"हं," हुरिया म्हणाली आणि वाफेकडे पाहायला लागली.

ते 'ओरडणं' मेरेपेकाला लागलं. पण थोरलीला उलटून बोलायची त्या घरात रीत नव्हती.

गावाच्या सभाघरापुढे पाहुणे आले की त्यांना आत बोलावायला एका बाईने साद घालायची असते. त्या सादेशिवाय कुणी अंगणात पाऊल टाकत नाही. वाईपुइयाची ती साद चाळीस वर्षं हुरियाची होती. लग्नाला, मयताला, दुसऱ्या गावची माणसं आली की हुरिया काळ्या कपड्यात पुढे उभी राहायची आणि तिचा आवाज उकळत्या तळ्यांवरून पलीकडच्या टेकडीपर्यंत जायचा. थोरली असेपर्यंत धाकटीने साद घालायची नाही. थोरलीने आपण होऊन दिली, तरच.

पर्यटकांपुरती मात्र तिने परवानगी दिली होती, आणि तीही कापून. खऱ्या सादेत आधी जिवंतांना बोलावतात, मग त्यांच्याबरोबर आलेल्या त्यांच्या मेलेल्यांना, मग दोघांना मिळून आत घेतात. मधला भाग हुरियाने काढून टाकला होता. "टुरिस्टांचे मेलेले त्यांच्या त्यांच्या घरी सुखात आहेत," ती म्हणाली होती. "बसमधून उतरवून त्यांना कशाला त्रास?" तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या.

गेल्या महिन्यात एका मयताच्या वेळी हुरियाचा आवाज मध्येच तुटला. बाहेरगावच्या बायकांनी सांभाळून घेतलं, पण सगळ्यांनी ऐकलं होतं. मग गावातल्या चार जाणत्या माणसांनी हळूच विषय काढला, की आता पेकाला दे. हुरिया म्हणाली, "पेकाची साद तिकिटाची आहे. एकतीस वर्षांत झिजून गुळगुळीत झाली. तिच्याने मेलेले येतील का?"

हे मेरेपेकाच्या कानावर आलं. राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिला भीती वाटली, की हे खरं असेल. त्या दिवसापासून प्रत्येक सादेनंतर ती स्वतःचाच आवाज तपासून बघायची, बाजारात नाणं वाजवून बघावं तसा.

पुलाजवळच्या खिडकीत तिचा मावसभाऊ रेवी तिकिटं फाडत बसला होता. रेवी साठीचा, पोट सुटलेला, तोंडाचा सैल.

"बारा जण आहेत, पेका. अकरा हसतात. एक हसत नाही."

"तू काय विनोद केलास?"

"तोच. परत जाताना सगळे आहात का मोजून घ्या, आमची तळी मोजत नाहीत."

"त्याला मीसुद्धा हसत नाही."

बारावा माणूस पन्नाशीचा होता. उन्हाने रापलेला, ऑस्ट्रेलियातल्या खाणीत वगैरे काम करणाऱ्यांचे असतात तसे हात. निळं जाकीट गळ्यापर्यंत बंद. नाव विचारल्यावर म्हणाला, "वेन." पुढे काही नाही.

मेरेपेका त्यांना घेऊन निघाली. वाफ अजून उतरली नव्हती. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना माती बुडबुडत होती, जाड खिरीसारखी, मध्येच एखादा बुडबुडा फुटून मऊ आवाज व्हायचा. माणसं आपोआप हळू बोलायला लागली. एका बाईने नाकाला रुमाल लावला.

"तुम्हाला हा वास रोज सहन कसा होतो?"

"कुठला वास?" मेरेपेका म्हणाली. "आम्हाला येत नाही. तुम्ही आलात की साबणाचा येतो."

सगळे हसले. वेन हसला नाही. तो उथळ हौदांपाशी थांबला होता, जिथे गावच्या बायका संध्याकाळी आंघोळीला येतात. तळ्यातलं गरम पाणी पन्हळीतून त्या हौदांत येतं आणि येता येता निवतं.

"इथे एक झाड होतं ना?" त्याने विचारलं. "वाकडं. टॉवेल टांगायला."

मेरेपेकाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "होतं. तीस वर्षं झाली पडून. तुम्ही आधी आला होतात?"

"नाही. कुणीतरी सांगितलं होतं."

पुढे कबरी होत्या. जमीन इतकी तापलेली की खणता येत नाही, म्हणून वाईपुइयाची मेलेली माणसं जमिनीच्या वरच, चुना लावलेल्या सिमेंटच्या घरांत झोपतात. वाफेत ती पांढरी घरं तरंगल्यासारखी वाटायची. बाकीच्यांनी फोटो काढले. वेनने टोपी काढली आणि एकेक नाव ओठ हलवत वाचत गेला, शाळेतल्या मुलासारखा, शब्दावर बोट न ठेवता पण ठेवल्यासारखा.

सभाघराच्या अंगणापाशी तिने सगळ्यांना फाटकाबाहेर उभं केलं. "मी बोलावेपर्यंत इथेच थांबा. बोलावलं की हळू चालत या. बोलायचं नाही." आणि ती एकटी अंगण ओलांडून सभाघराच्या पायरीशी गेली. डावीकडे चाळीस पावलांवर हुरियाचा ओटा. तो दिसत नव्हता, पण तिथे कान लावून कोण बसलंय ते तिला माहीत होतं.

तिने श्वास घेतला आणि वळली. वाफ त्याच क्षणी थोडी बाजूला झाली.

फाटकात बारा माणसं उभी होती. अकरा इकडे तिकडे बघत होती. वेनने जाकीट उघडलं होतं, आणि आतून एक तसबीर काढून छातीशी धरली होती, चेहरा बाहेर, दोन्ही हातांनी खालून आधार देऊन. मान झुकलेली. अशी तसबीर फक्त आपली माणसं धरतात. अशी धरली म्हणजे तो एकटा आलेला नाही. आपल्या मेलेल्याला बरोबर घेऊन तो अंगणाच्या दाराशी उभा आहे.

मेरेपेकाच्या तोंडात रोजची साद तयार होती. ती घातली तर बारा जण आत येतील आणि ते तसबिरीतलं माणूस बाहेर राहील. इतक्या लांबून आलेलं, नाव न घेतलेलं. आणि पुरी साद घातली, तर थोरली जिवंत असताना, तिच्या कानांदेखत, न देता घेतल्यासारखं होईल. आणि घालूनही ती नुसती तिकिटाचीच निघाली तर? मग आयुष्यभरासाठी कळेल.

फाटकातल्या बायका कुजबुजायला लागल्या. कुणीतरी खाकरलं. वेनची मान तशीच खाली होती.

तिने साद घातली.

पहिली ओळ रोजचीच होती. या, पाहुण्यांनो, दुरून आलेल्यांनो, या. मग ती मधल्या भागात शिरली, आणि शिरताच तिला कळलं की इथे तिचा आवाज कधी गेलाच नव्हता. झिजायला तिथे एकतीस वर्षांत काही घडलंच नव्हतं. या, तुमच्या मेलेल्यांना घेऊन या. आमचे मेलेले इथे उभे आहेत, त्यांना भेटा, त्यांच्याबरोबर रडा. तिने वाईपुइयाच्या म्हाताऱ्यांची नावं घेतली. आवाज उंच गेला, थोडा चिरला, आणि तळ्यांवरून पलीकडे गेला. अंगणात कुणी हललं नाही.

आणि मग शांतता पडली.

सादेला उत्तर यावं लागतं. आलेल्यांच्या बाजूने एखादी बाई पुढे होते आणि आपल्या मेलेल्यांच्या वतीने ओ देते. ओ आल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. पर्यटकांच्या वेळी हा प्रश्न नसायचा, खेळातला भाग म्हणून सगळे तसेच आत यायचे. आज मेरेपेकाने दार खरं उघडलं होतं, आणि त्या बाजूला ओ देणारं कुणी नव्हतं. वेनने मान वर केली. काहीतरी व्हायला हवं हे त्याला ठाऊक होतं, पण ते त्याच्या हातातलं नव्हतं. नाकाला रुमाल लावणारी बाई शेजारच्याला म्हणाली, "आपण काही म्हणायचंय का?"

एवढ्यात डावीकडून काठीचा आवाज आला.

हुरिया येत होती. गोधडी खांद्यावर, पायांत घरातल्या सपाता. आता ही इथे येऊन उभी राहणार, सर्वांसमोर आपल्याला बाजूला करणार. थोरलीचा तो हक्कच होता. मेरेपेकाने पायरीवरची जागा सोडायला एक पाऊल मागे घेतलंही.

पण हुरिया पायरीकडे आली नाही. ती अंगणाच्या कडेकडेने चालत राहिली, कुंपणाला धरून, धापा टाकत, आणि फाटकाच्या बाहेर गेली. बारा परक्यांमध्ये शिरली. वेनच्या शेजारी उभी राहिली. त्याच्या छातीवरची तसबीर पाहिली, आणि तिचा हात तोंडावर गेला.

मग तिने काठी वेनच्या हातात दिली, मान ताठ केली आणि ओ दिली.

आवाज फुटकाच होता. दोनदा तुटला, दोनदा तिने तो परत उचलला. आलो आहोत, ती म्हणत होती, आम्ही आलो आहोत, तिराहाला घरी घेऊन.

तिराहा. ती गेली तेव्हा मेरेपेका सात-आठ वर्षांची होती. हुरियाबरोबर एका हौदात डुंबणारी, वाकड्या झाडावर टॉवेल फेकणारी मामेबहीण. एकोणिसाव्या वर्षी जहाजाने सिडनीला गेलेली. दोन पत्रं आली होती. मग काही नाही.

सगळे आत आले. हुरिया पुढे, तिच्या दंडाला धरून वेन, आणि मागे अकरा पर्यटक, एकदम शहाण्यासारखे. पायरीशी आल्यावर वेनने गावाच्या रीतीप्रमाणे मेरेपेकाच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

"मला नक्की माहीत नव्हतं, कुणाला काय सांगायचं," तो म्हणाला. "आई म्हणायची, फाटकात असा उभा राहा, बाकी ते करतील. मी विचार केला, निदान गाव तरी बघून जाऊ."

"म्हणून तिकीट काढलंस?" रेवी मागून आला होता. डोळे पुसत पुसत त्याने वेनच्या पाठीत धपाटा घातला. "माझ्या मामेबहिणीच्या पोरा, आपल्याच घरी तिकीट काढून येणारा तू पहिला. आणि माझ्या विनोदाला हसलाही नाहीस."

"विनोद वाईट होता," वेन म्हणाला.

"बघ, नक्की आपलाच आहे," मेरेपेका म्हणाली.

दुपारी पेटीतलं जेवण सगळ्यांना पुरलं. रुमालवाल्या बाईने जाताना मेरेपेकाचा हात दाबला. "आमच्या मैत्रिणी गेल्या वर्षी आल्या होत्या. त्यांना हे काही दाखवलं नव्हतं." मेरेपेका म्हणाली, "नसेल." दुसरी आणि तिसरी फेरी रेवीने घेतली. त्या दोन्ही बसच्या लोकांना विनोद भरपूर मिळाले, साद मिळाली नाही.

तिराहाची तसबीर सभाघरात, भिंतीवरच्या बाकीच्यांच्या पायाशी ठेवली होती. वेन तिथेच गादीवर झोपून गेला, बूट न काढता.

संध्याकाळच्या आधी दोघी बहिणी हौदात बसल्या होत्या. पाणी गळ्यापर्यंत. ऊन तिरपं होऊन वाफेत शिरलं होतं आणि वाफ पिवळी झाली होती. मेरेपेका बहिणीची पाठ चोळत होती. सबंध दिवसात दोघी एकमेकींशी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"ताई," शेवटी मेरेपेका म्हणाली, "मी न विचारता घातली."

हुरिया म्हणाली, "आजोबांच्या आधी त्यांच्या धाकट्या भावाचं नाव घेतलंस."

"घेतलं का?"

"घेतलंस. मोठा म्हातारा रुसला असेल. आणि मध्ये श्वास चुकीच्या जागी घेतलास, म्हणून चिरला."

"तुझाही तुटला."

"माझा म्हातारपणाने तुटला. तुझा आळसाने." हुरियाने ओंजळीने तोंडावर पाणी घेतलं. "तिराहाने ऐकलं तरी. तिने ऐकलं नसतं तर तो पोरगा असा झोपला नसता."

मेरेपेकाचा हात थांबला.

"चोळ ना," हुरिया म्हणाली. "उद्यापासून पहाटे माझ्याकडे ये. सगळी नावं, क्रमाने. आठवडाभर तरी लागेल तुला."

"येते."

"आणि बाहेर पडताना गळ्याला काहीतरी गुंडाळ. अशी उघड्या गळ्याने गार हवेत हिंडू नकोस." तिने हौदाच्या काठावर ठेवलेला आपला लोकरी मफलर ओल्या हाताने पुढे सरकवला. "हा घे. मला आता काय करायचाय."