तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

मार्लिसमावशीने आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्यांदा विचारल्यावर घेतली नव्हती. मिनेसोटातल्या आमच्या गावात तशी कुणीच घेत नाही. कॉफी विचारली की 'छे, कशाला', पुन्हा विचारली की 'उगाच तुम्हाला त्रास', आणि तिसऱ्यांदा विचारली की 'बरं, अर्धा कप'. मग भरपूर कॉफी पिऊन, केकचे दोन तुकडे खाऊन उठायचं. पण मावशीचं हे सोवळं सगळ्यांपेक्षा कडक. लॉयडकाकाने लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा ती आधी दोनदा नाही म्हणाली होती. काका आमच्याच गावचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, धीराचा माणूस. पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर तो परत दारात उभा. "बाहेरगावचा असता तर केव्हाच पळाला असता," माझी आई म्हणायची. आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण, आर्डिस.

मावशी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातचं जेवून वाढलेलं. वाटाण्याला हात न लावणारी पोरं तिच्यासमोर ताट चाटून पुसून द्यायची. ती ओरडायची नाही, नुसती कमरेवर हात ठेवून शेजारी उभी राहायची. तिला स्वतःला मूल नव्हतं. दत्तक मुलासाठी बरीच वर्षं वाट पाहिल्यावर कोरियातल्या एका संस्थेकडून बाळाचा फोटो आला: काळेभोर ताठ केस, कपाळाला आठ्या. नाव सोंगमिन. मावशीने तो फ्रिजच्या दारावर लावला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, "बघा की, हिशेबात चूक सापडल्यासारखा बघतोय."

मार्चमध्ये ती आणि काका त्याला आणायला सोलला गेले.

बाळाला जन्मापासून ह्वांगबाई नावाच्या बाईंनी सांभाळलं होतं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हात कामाने राकट झालेले. संस्थेच्या कचेरीत त्या आल्या तेव्हा बाळ त्यांच्या पाठीला बांधलेलं होतं, एका जाड, विटक्या निळ्या दुपट्यात. गाल त्यांच्या पाठीला चिकटलेला, डोळे अर्धवट मिटलेले. बाईंनी गाठ सोडली, बाळ मावशीच्या हातात दिलं, आणि त्याच्या पायातला मोजा उगाचच दोनदा वर ओढला. मग दुपट्याची नीट घडी घालून दोन्ही हातांनी मावशीपुढे धरली.

दुभाषी मुलगी म्हणाली, "हे हवं का, विचारतायत."

मावशीला ते हवं होतं. बघितल्या क्षणापासून हवं होतं. ती म्हणाली, "छे छे, तुमचं आहे ते. राहू द्या."

मुलीला पुढच्या कुटुंबाची घाई होती. तिने शब्दाला शब्द सांगून टाकलं. ह्वांगबाईंनी घडीकडे पाहिलं, मान हलवली आणि दुपटं काखेत मारलं. अमेरिकेत ढकलगाड्या असतात, बांधायचं कापड काय करायचं, असं त्यांनी गृहीत धरलं असणार. मावशी चेहऱ्यावर हसू ठेवून दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत उभी राहिली. बाई डोळे पुसत जिना उतरून गेल्या.

टॅक्सीत काकाने विचारलं, "हवं होतं ना तुला?"

"हो."

"मग?"

"मला वाटलं, पुन्हा विचारतील."

काकाने खिडकीबाहेरच्या पाट्यांकडे बोट केलं. "कोरियात आहोत आपण, मार्लिस."

बाळ रडायला लागलं ते तिथपासून. अतिथीगृहात त्याने बाटली तोंडाला लावू दिली नाही. मावशीने दूध गरम करून पाहिलं, कोमट करून पाहिलं, बाटलीचं निपल बदललं, हातात घेऊन खोलीभर फेऱ्या मारल्या. तिच्या कुशीत ते लाकडासारखं ताठ व्हायचं आणि मान मागे टाकायचं. चमच्याने भरवलं तर थोडं आत जायचं, बाकीचं गळ्यावरून खाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तब्येत ठणठणीत आहे, दुःखात आहे, पिईल. पण विमानातही काही प्यायला नाही तर उतरल्यावर घरी न जाता थेट हॉस्पिटल गाठा. मावशीने मान डोलवली. गावातल्या सगळ्या पोरांना जेवायला घालणारी बाई, आणि हे एवढंसं तोंड तिच्यापुढे मिटलेलं. पुढे ती मला म्हणाली होती, "तो दगावेल ही भीती नव्हती गं मला. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना. मला वाटत होतं, ह्याने मला बघितलं आणि नाही म्हटलं."

विमान समुद्रावर आलं तरी रडणं चालू. आसपासचे प्रवासी आधी हसले, मग पुस्तकांत शिरले, मग कानांवर उशा आल्या. मावशी सगळ्यांची माफी मागत होती, एअर होस्टेसने पाणी विचारलं तर नको म्हणत होती.

पलीकडच्या खुर्चीत एक कोरियन आजी होती. मिनियापोलिसला लेकीकडे निघालेली. तिने आधी नुसतं पाहिलं, मग तोंडाने चक् केलं, मग दोन्ही हात पुढे केले.

मावशी म्हणाली, "नाही नाही, ठीक आहे. तुम्हाला कशाला त्रास."

आजीने हात मागे घेतले नाहीत. आपल्याच पाठीवर थोपटून दाखवलं आणि भराभरा काहीतरी बोलली. एअर होस्टेस कोरियन होती, ती हसू दाबत म्हणाली, "त्या म्हणतायत, ह्याला पुढून काय धरलंय? पोर आहे का बाजाराची पिशवी? ह्याला पाठ पाहिजे."

"नको, खरंच," मावशी म्हणाली. "होईल शांत."

 काका समोरच्या खुर्चीकडे बघतच म्हणाला, "तिसऱ्यांदा विचारीपर्यंत थांबणार आहेस? समुद्र संपेल."

मावशीने बाळाकडे पाहिलं. त्याचा आवाज बसला होता, नुसतं तोंड उघडत होतं.

"हो," ती म्हणाली. "हो, पाहिजे. मदत पाहिजे मला."

आजी उठली. तिने आपली लोकरी शाल काढली, मावशीला वाकायला लावलं, बाळ तिच्या पाठीवर पालथं ठेवलं, शाल त्याच्या ढुंगणाखालून घेऊन मावशीच्या छातीवर अशी आवळली की मावशीच्या तोंडून हुंकार निघाला. "सैल बांधलं की पोराला वाटतं पडणार," एअर होस्टेसने आजीचं बोलणं सांगितलं. मग आजीने मावशीला धरून विमानाच्या वाटेतून चालायला लावलं आणि स्वतः मागून बाळाच्या ढुंगणावर थापट्या मारत निघाली. एक बुटकी म्हातारी आणि पुढे ताडमाड उंच मावशी. काका सांगतो, मिरवणूक होती.

दुसऱ्या फेरीत रडण्याचं हुंदक्यांत रूपांतर झालं. मग मावशीला मानेखाली एक ओला, गरम गाल टेकलेला जाणवला. तो तिथेच राहिला. ती विमानातल्या छोट्या स्वयंपाकघराच्या पडद्यापाशी थांबली आणि हलेना, पुढे जाईना, मागे येईना. आजीने डोकावून पाहिलं आणि आपलेच डोळे मिटून दाखवले. झोपला.

खूप झोपला. जागा झाला तेव्हा विमानात नाश्त्याचा वास सुटला होता. आजीने त्याला शालीसकट सरकवून मावशीच्या कुशीत आणलं. त्याने मावशीला फोटोतल्यासारख्या आठ्या घालून न्याहाळलं. मग बाटली ओढली आणि तळापर्यंत प्यायला. वर ढेकर दिली. काकाने टोपी डोळ्यांवर ओढली, ती बराच वेळ काढली नाही.

उतरताना आजीने त्याला परत मावशीच्या पाठीवर घेतलं, शालीची गाठ तपासली, आणखी आवळली, आणि हाताने खूण केली: राहू दे तुला. मावशीचं तोंड सवयीने उघडलं. मग मिटलं. तिने आजीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "घेते."

मिनियापोलिसच्या विमानतळावर प्रवासी तपासणीतून बाहेर पडतात त्या दारापर्यंत आम्हाला जाता आलं. आम्ही सगळे फुगे घेऊन उभे होतो. मी पाच वर्षांची, वडिलांच्या खांद्यावर. मावशी बाहेर आली ती विस्कटलेली, खांद्यावर दुधाचे डाग, पाठीवर गाठोडं. आई धावत गेली.

"दमली असशील. दे, मी घेते त्याला."

"नको."

आईने रीतीप्रमाणे पुन्हा विचारलं, "अगं दे, हात मोकळे होतील तुझे."

"नको, राहू दे."

आईने हात पसरूनच ठेवले. आता होकार येणार, हे तिला माहीत होतं. "जरा वेळ तरी?"

"नाही," मावशी म्हणाली.

आई गोंधळली. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. "म्हणजे खरंच नाही?"

"खरंच नाही. पण कॉफी आणली असशील तर दे. आत्ता. पूर्ण कप."

आईने थर्मास काढला. मावशी उभ्या उभ्या प्यायली, आणि तिच्या खांद्यावरून सोंगमिन आम्हाला एकेकाला आठ्या घालून मोजत होता.