दुसऱ्या सीडीची वेळ

नोव्हेंबरची नऊ तारीख, रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम अठराशे रुपये, केबलचे सहा महिन्यांचे, दरमहा तीनशेप्रमाणे. हजर तिघे: मी, माझी पत्नी आणि केडगावच्या आमच्या भागात पंचवीस वर्षं केबल चालवणारे भाई. भाई खुर्चीत बसले होते, पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि मी साडेतेराशे रुपये पुढे करून सांगत होतो की याहून एक रुपया जास्त मिळणार नाही.

माझं म्हणणं सरळ होतं. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी येते. त्या आठवड्यात सकाळी आठला घरी येऊन चहासोबत बातम्या लावाव्यात, तर पडद्यावर ‘सिग्नल नाही’. मी टीव्ही बंद करून झोपायचो. दुपारी उठलो की सगळं सुरळीत. चार आठवड्यांतला एक आठवडा सेवा नाही, म्हणून चौथा हिस्सा कापला. साडेचारशे.

भाई पैशांकडे बघतही नव्हते. “साहेब, सिग्नल जातो तेव्हा गल्लीचा जातो. एकट्या तुमचाच कसा जाईल?”

“ते तुम्ही शोधायचं.”

“शोधू काय त्याच्यात. वहिनींचा फोन येतो की मला रात्री. अडकलंय म्हणून.”

मी पत्नीकडे पाहिलं. तिने हातातलं उलथनं दुसऱ्या हातात घेतलं.

“मीच काढते वायर,” ती म्हणाली. “सकाळी परत लावायची राहून जाते.”

“कशाला काढतेस?”

“भाईंचा चॅनेल बॉक्समधून दिसत नाही. वायर टीव्हीला थेट लावावी लागते.”

भाईंचा स्वतःचा चॅनेल असतो हे मी विसरूनच गेलो होतो. बॉक्स आले तेव्हाच तो बंद पडला अशी माझी समजूत होती. पण तो जुन्या पद्धतीने अजून चालू होता. दिवसा साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि मालिका संपल्यावर, रात्री साडेअकराला, भुताचा पिक्चर.

“आणि तू ते बघतेस,” मी म्हणालो.

“तुमची रात्रपाळी असते तेव्हा.”

भाईंनी घसा खाकरला. ते सांगायला आले होते वेगळंच. शुगर वाढली आहे, डॉक्टरांनी जागरण बंद करायला सांगितलं आहे, मुलगा रोज भांडतो. “एक तारखेपासून आपला चॅनेल बंद. बाकीची केबल चालू राहील. म्हणून म्हटलं, आधी सांगून मग पैसे घ्यावेत.”

पत्नी दारातून बाहेर आली आणि सोफ्याच्या कडेला बसली. पाहुण्यांसमोर ती सहसा बसत नाही. “एक तारखेपासून,” ती म्हणाली. “आणि मी काय करायचं?”

प्रश्न भाईंना होता की मला, ते कळलं नाही. भाई “पैसे नंतर बघू” म्हणून उठले आणि गेले.

दिवसभर मी अस्वस्थ होतो. इतक्या वर्षांच्या पाळ्यांनी माझी झोप अशीही मोडली आहे. रात्रपाळी संपल्यावर पुढचे चार-पाच दिवस मी घरात चकरा मारतो. फोनवर पिक्चर शोधायला बसतो. हजारभर पिक्चर असतात, प्रत्येकाचं पहिलं मिनिट बघतो, आणि तास गेला तरी एकही लावलेला नसतो. जुलैमध्ये मुलगी शिकायला पुण्याला गेली. तेव्हापासून या तीन खोल्या जास्त मोठ्या वाटतात, हे मला जाणवत होतं. पण माझ्या रात्रपाळीत पत्नी इथे एकटी असते, याचा हिशोब मी केलेला नव्हता.

दुपारी मी तिला म्हणालो, “इंटरनेटवर सगळे भुताचे पिक्चर आहेत. केबलपेक्षा स्वस्त पडेल. मी लावून देतो.”

“नको.”

“अगं, तेच पिक्चर. उलट स्वच्छ दिसतील.”

“स्वच्छ कशाला हवेत? भुताचा मुखवटा कानापाशी सुटलेला दिसतो तेवढा पुरे.”

हे मात्र खरं. आम्ही लग्नानंतर केडगावात एक खोली भाड्याने घेतली तेव्हाचे ते पिक्चर मला आठवायला लागले. धुक्यात उभी हवेली, आणि ते धूर सोडायचं यंत्र एका कोपऱ्यातून दिसतंय. कबरीतून वर येणारा हात, त्याच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला. गाडी बंद पडलेली चार पोरं, त्यातलं एक विनोदी. कोणी मेलं की दोन मिनिटांत गाणं. शेजारी दोन घरं सोडून एक रंगीत टीव्ही होता, तिथे गल्लीतल्या बायका जमायच्या. पत्नी तिथे जायची, कारण मला दुसरी पाळी असायची आणि अंधार पडल्यावर तिला खोलीत एकटं बसवत नसे. बायका घाबरून पदर तोंडावर घ्यायच्या आणि ही हसायची, म्हणून तिला सगळ्या धीट समजायच्या.

भाई तेव्हा पंचविशीचे होते. खांद्यावर वायरीचं वेटोळं घेऊन मोपेडवरून फिरायचे. त्यांची कंट्रोल रूम पिठाच्या गिरणीच्या वर, पत्र्याच्या खोलीत. सीडीवर पीठ बसायचं, भाई ती शर्टाच्या टोकाने पुसायचे, आणि तरीही चित्र मधेच चौकोन-चौकोन होऊन थांबायचं. पिक्चर दोन सीड्यांवर असे. साडेदहाला पहिली सीडी लावून भाई तिथेच आडवे होत आणि त्यांना झोप लागे. पहिली संपली की सगळ्या गल्लीच्या टीव्हीवर निळा पडदा. भूत अर्धवट, हिरॉईन तळघरात, आणि निळा पडदा. फोन दोनच घरांत होते, आणि भाईंचा फोन खाली गिरणीत कुलपात. मग भाईंना उठवायचं काम आपोआप आमच्याकडे आलं, म्हणजे दुसऱ्या पाळीहून येणाऱ्यांकडे. अकराला सुटून सायकल, स्कूटरने आम्ही पावणेबाराच्या सुमारास गिरणीपाशी पोचायचो. ज्याच्या हाताशी खडा लागेल तो पत्र्यावर मारायचा. आतून “हा, हा, लावली” असा आवाज आला की आम्ही पुढे. मला हे काम कटकटीचं वाटायचं. एकही पिक्चर मी पुरता पाहिला नाही, पण गल्लीला शेवट दाखवायचा ठेका जणू माझाच होता.

हे सगळं त्या दुपारी मी पत्नीला सांगत होतो. ती मेथी निवडत होती.

“तुम्हाला एक माहीत नाही,” ती म्हणाली. “दुसरी सीडी लागली की मी उठून घरी यायचे. भाजी गरम करायला. सगळ्या म्हणायच्या, आता तर खरा पिक्चर सुरू होतोय, चाललीस कुठे? पण सीडी लागली म्हणजे तुम्ही गिरणीपाशी आलात. पाच मिनिटांत घरी.”

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं की मी आलो की जेवण गरम कसं असतं.

“आता काय लागतं दुसऱ्या सीडीनंतर?” मी विचारलं.

“आता सीडी कुठे? कॉम्प्युटर आहे. पण तसाच अर्ध्यात थांबतो. मी फोन लावते, भाई म्हणतात, लावतो वहिनी, आणि म्हणतात की मागच्या गल्लीतूनही फोन आला होता. मग मला बरं वाटतं. कोणीतरी जागं आहे, एवढंच.” तिने एक काडी मोडली. “त्याच्यानंतर झोप लागते. नाही तर नाही लागत.”

प्रश्न मला समजला आणि मला वाटलं की उत्तरही सापडलं. भाईंनी जुन्या सीड्या कॉम्प्युटरवर उतरवताना प्रत्येक पिक्चर दोन तुकड्यांतच ठेवला होता. पहिला तुकडा संपला की यंत्र थांबायचं आणि दुसरा हाताने लावावा लागायचा. म्हणून भाई जागे राहत होते. यात काहीच अवघड नव्हतं. सोमवारी मी कंट्रोल रूममध्ये गेलो. गिरणी बंद होऊन तिथे मोबाईलचं दुकान आलं आहे, वरची खोली तशीच. तीन तास बसून सगळ्या पिक्चरांचे तुकडे एकापाठोपाठ लावून दिले. साडेअकराला आपोआप सुरू, मधे थांबणं नाही, शेवटी आपोआप बंद.

भाई पडद्याकडे बघत राहिले. “म्हणजे मी इथं यायचंच न्हाई?”

“घरी झोपायचं. चॅनेल बंद करायची गरज नाही.”

“आन् मी इतकी वर्षं उगाच जागलो म्हणा.”

“तसं नाही.”

“तसंच हाय की, साहेब. लई सोपं निघालं.” ते हसले, पण चहा मागवायचं विसरले.

पुढचा आठवडा माझ्या रात्रपाळीचा होता. पाऊणच्या चहाच्या सुट्टीत मी घरी फोन केला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

“पिक्चर चालू आहे का?”

“चालू आहे.”

“अडकला नाही ना?”

“नाही.”

“मग झोप आता.”

“हो,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या रात्रीनंतर सकाळी घरी आलो तर बातम्या व्यवस्थित दिसल्या. वायर बॉक्समध्येच होती. म्हणजे रात्री ती लावलीच नव्हती. पत्नी ओट्यापाशी उभी होती, डोळे लाल.

“बघितला नाहीस?”

“काय बघायचं? तो आपला चालतोय. कोणी बघो न बघो.” ती भांडं घासत होती, आधीच घासलेलं. “परवा मधेच मला वाटलं, सगळं केडगाव झोपलंय आणि हे भूत एकटंच माझ्याकडे बघतंय. बंद केला. मग उजाडेपर्यंत पंख्याचा आवाज ऐकत बसले.”

मी आयुष्यभर मोजमापाचं काम केलं आहे. जिथे चूक वाटते तिथे चूक काढायची. इथे जी चूक काढली, तीच तिच्या कामाची होती. हे समजायला मला तीन रात्री लागल्या, त्याही माझ्या नाही, तिच्या.

झोप न घेता मी भाईंकडे गेलो. ते घरीच होते. मी म्हणालो, ते तुकडे परत सुटे करू.

भाई थोडे वरमले. “तुमी रागावणार न्हाई तर सांगतो. मी परवाच तुमची ती रांग काढणार होतो. पोरानं काढू दिली न्हाई. रात्री घरी आडवा झालो, पण साडेबारा-पाऊणला डोळा उघडतोच. बघतो तर फोन गप्प. आधी चार घरांचे यायचे. एक मास्तर हायेत, बायको गेलेले. एक पोरगी परीक्षेचा अभ्यास करती, आवाज बंद ठेवून पिक्चर लावती. एक आपल्या वहिनी. चौथा कोन, नाव सांगत न्हाई, नुसतं म्हनतो, भाई, निळं झालं.” ते थांबले. “फोन वाजत न्हाई म्हनून मला झोप येत न्हाई. आता डॉक्टरला काय सांगू?”

“डॉक्टर कितीला झोपा म्हणाले?”

“बाराच्या आत.”

मी हिशोब मांडला. साडेअकराऐवजी साडेदहाला लावायचा, पूर्वीसारखा. पहिला तुकडा पावणेबाराला संपतो. चार फोन, दुसरा तुकडा लावायचा, आणि बाराला भाई अंथरुणात. कॉम्प्युटर मुलाने घरीच हलवून द्यायचा, जिना चढायला नको. मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. तो नाखुशीनेच हो म्हणाला, वर म्हणाला की बाराच्या पुढे एकही फोन आला तर तोच उचलेल आणि काय बोलेल ते आधी सांगत नाही.

घरी येऊन मी हे पत्नीला सांगितलं.

“मग पिक्चर संपायचा किती वाजता?”

“एकच्या आसपास.”

“आणि तुमचा चहा?”

“पाऊणला.”

“मग तेव्हा फोन करा. शेवट मी सांगेन, तुम्ही कधी बघितलेला नाही.”

त्या रात्री मी फोन केला. तळघरात काय चाललं आहे ते तिने सांगितलं; मशीनच्या आवाजात अर्धं ऐकू आलं नाही. मधेच ती म्हणाली, थांबा, आता भूत जिना उतरतंय, चप्पल घालून. आणि हसली. मी चहा संपवला. नंतर तिला झोप लागली का, हे मी विचारलं नाही. सकाळी तिचे डोळे लालच होते, पण थोडे कमी, असं मला वाटलं. याचं मोजमाप माझ्याकडे नाही. रात्रपाळी कमी करून मिळेल का, असा अर्ज मी कारखान्यात दिला आहे. साहेब म्हणाले, बघू.

रविवारी भाई आले. मी अठराशे मोजून ठेवले होते, कपात न करता. ते पत्नीने माझ्या हातून घेतले, स्वतः एकदा मोजले आणि सहा महिन्यांचे म्हणून भाईंच्या हातात दिले.