आण्णांच्या डोळ्यांत पाहणारे डॉक्टर दिनकरराव

त्या सकाळी मी थोरल्या भावाला उपरण्याने माझ्या कमरेशी बांधलं आणि मोटरसायकलवर मागे बसवून कोल्हापूरला आणलं. बांधलं नसतं तर आण्णा पहिल्याच वळणावर पडले असते. वेशीवरच्या चहाच्या टपरीतून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, सकाळी सकाळीच चढली व्हय भावाला?" मी गाडी थांबवली नाही. डॉ. दिनकररावांची आणि आमची ओळख त्या सकाळची.

डॉक्टरसाहेब आज पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितील, ते त्यांच्या विद्वत्तेबद्दल लिहितील. मी हातकणंगले तालुक्यातला प्राथमिक शिक्षक, एका रुग्णाचा भाऊ. मला आण्णांबद्दलच लिहावं लागेल.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला आमच्या गावाची सासनकाठी जाते. उंच वेळूची, सजवलेली काठी मधला माणूस कमरपट्ट्यावर तोलून नाचवतो आणि बाकीचे चहूकडून दोर ताणून धरतात. मधे उभं राहायचा मान आमच्या घराचा. काठी धरणाऱ्याने दारूला शिवायचं नाही, हा नेम. आण्णांनी तर जन्मात थेंब घेतलेला नाही. एका यात्रेत, ऐन गुलालात, त्यांचा तोल गेला. काठी गर्दीवर कलली. दोरवाल्यांनी ती सावरली, पण आण्णांना कुणी सावरलं नाही. त्यांची जीभ अडखळत होती, पाय वाकडे पडत होते, नजर ठरत नव्हती. लोकांना एवढं पुरलं. "पिऊन देवाची काठी धरतोस व्हय?" म्हणत देवाच्या दारात त्यांच्या कमरेचा पट्टा सोडला. पुढे गावच्या बैठकीत तोच पट्टा माझ्या कमरेला बांधला. वडील म्हणाले, "मान घरातनं जाऊ द्यायचा न्हाय." मी कंबर पुढे केली.

त्यानंतर आम्ही बरेच दवाखाने पाहिले. पाय ताठ होतात, तो मणक्याचा दोष. झोक जातो, ती दारू. प्रत्येकाने आण्णांचे असे दोन तुकडे केले आणि शेवटी एकच सल्ला दिला, "आधी पिणं थांबवा."

डॉ. दिनकररावांनी मात्र आण्णांना खुर्चीवर बसवलं, बोट समोर धरलं आणि "डोकं न हलवता बोटाकडे बघा" म्हणाले. बोट कडेला गेलं की आण्णांचे डोळे थरथरायचे. परत आणताना नजर बोटाच्या पुढे निघून जायची. स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितलं, ते गालावर गेलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "दारूने माणूस झोकांड्या खातो, मास्तर. पण पाय असे काठीसारखे ताठ दारूने होत नाहीत. माणूस एक आहे, तर आजारही एकच का नसावा?"

रक्त तपासलं, पाठीतलं पाणी तपासलं. एका विषाणूने आण्णांच्या मज्जारज्जूला धरलं होतं. या रोगात बहुधा पाय आणि लघवी यांचाच त्रास होतो. आण्णांच्या बाबतीत तो लहान मेंदूपर्यंत, डोळ्यांच्या हालचालीपर्यंत गेला होता. मुळापासून बरं करणारं औषध नाही, हेही डॉक्टरांनी त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. खोटी आशा त्यांनी आम्हाला कधी विकली नाही.

हा विषाणू रक्तातून, नवराबायकोच्या संबंधातून, आईच्या दुधातून जातो. वहिनींना डॉक्टरांनी वेगळं बसवून समजावलं, त्यांची तपासणी गाजावाजा न करता केली. आमच्या आईला मात्र कुठून तरी कळलंच. तिने दवाखान्याच्या दारातच विचारलं, "माझ्या दुधातनं आलं काय हो ह्ये?" डॉक्टर उठून तिच्याजवळ गेले. "आलं असेल, आई. पण त्याच दुधावर तो जगला." आई घरी जाऊन दोन घास जेवली. त्या उत्तराला मी देवाचा प्रसाद मानतो.

डॉक्टर स्वतःवरही कठोर आहेत. विद्यार्थ्यांसमोर आण्णांना तपासताना ते दरवेळी सांगतात, "पहिल्या दिवशी मीही यांच्या तोंडाचा वास घ्यायला वाकलो होतो. हे लक्षात ठेवा." त्यावर आण्णा म्हणतात, "अन् काय आला वास? चहाचाच की!"

एकदा डॉक्टर आपणहून आमच्या गावी आले. देवळात पंचांपुढे बसून त्यांनी सगळा आजार समजावला. सरपंच म्हणाले, "साहेब, तुमचं खरं हाय की. पर लोकांनी डोळ्यांनी बघितलंय न्हवं." डॉक्टर म्हणाले, "बघितलं ते चालणं. डोळ्यांत बघायचं राहिलं." पंचांनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं. आण्णांना काही दिलं नाही. चुकलो एवढा शब्दही नाही. तेच सरपंच, आता माजी, आज या गौरवसमितीवर आहेत. गाव डॉक्टरांच्या पाठीशी कसं उभं राहिलं ते लिहा, कडू काही नको, असा त्यांचा निरोप आला होता. गाव उभं राहिलं नाही. म्हणून तसं लिहिलं नाही.

आण्णा आता वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत येतात. वारा नसतानाही देवघरातली वात त्यांना हलताना दिसते. माझी देवाविषयी तक्रार नाही. त्याने कुणाच्या तोंडाचा वास घेतला नव्हता.

डॉक्टरसाहेबांना उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती मिळो, असं मी जोतिबाकडे मागतो. त्यात माझा स्वार्थ आहे. अजून कुठल्या तरी गावात कुणाचा तरी तोल जाणार आहे, आणि त्याच्यापुढे बोट धरणारं कुणीतरी लागेल.

मागे एकदा त्यांनी मला सहज विचारलं होतं, "मास्तर, काठी अजून तुम्हीच धरता?" मी हो म्हणालो. त्यांनी पुढचा रुग्ण आत बोलावला. तो प्रश्न मी वर्षानुवर्षं कमरेला बांधून नाचलो. यंदा यात्रेच्या बैठकीत मी म्हणालो, "दोघांनी धरून का होईना, आधी आण्णांचा हात काठीला लागू दे, मग मी उचलतो." एक पंच म्हणाले, "आरं, पावणं बघत्यात, हसतील की!" कुणी त्यांना गप्प केलं नाही. मी घरी आलो, खुंटीवरचा कमरपट्टा काढला, आण्णांच्या हातात दिला. त्यांनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जा, देवापुढं ठेवून ये." मी तो देवळात देवापुढे ठेवला आणि घराचा मान सोडून परत आलो.